राणीचं घर कसं ओळखायचं?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी बोलते फाडफाड, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब! तरी हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं, कारण ज्या घरातून तो सुचला, त्या घरात इंग्रजी कोणालाच येत नाही.

आमचं गाव करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. गेल्या दिवाळीनंतर तिथलं आमचं जुनं मातीचं, कवेलूचं घर पाडलं आणि स्लॅबचं घर बांधायला घेतलं. मी सिव्हिलला असल्यामुळे बाबांनी मोठ्या विश्वासाने सांगितलं, "कॉलमच्या खड्ड्यांवर तू लक्ष ठेव." मी टेप, वही आणि पेन्सिल घेऊन उभी राहिले. आणि चार फुटांच्या त्या खड्ड्यांनी मला सर्व्हेइंगच्या अख्ख्या सेमिस्टरपेक्षा जास्त शिकवलं.

खड्ड्याची भिंत म्हणजे वहीचं पान

ताज्या खणलेल्या खड्ड्याची बाजू नीट पाहिली तर ती एकरंगी नसते. आमच्या खड्ड्यात वर शेणाने सारवलेल्या जमिनीचे पापुद्रे होते, एकावर एक, बोटभर जाडीत कितीतरी. त्याखाली पिवळसर भरावाची माती. एका खड्ड्यात काळा, राखेचा पट्टा आणि त्यात कोळशाचे तुकडे. दुसऱ्या खड्ड्यात मऊ, काळपट माती, तिला अजूनही गोठ्याचा वास येतो की काय असं वाटावं अशी!

आजी बाजेवर बसून बघत होती. म्हणाली, "काऊन व पोरी, माती काऊन मोजून रायली?"

मी म्हटलं, "आजी, इथे राख कशी गं?"

"चूल होती ना तिथं. मी ह्या घरात आली तवा तिथंच स्वयंपाक होये. मग तुह्या आज्यानं भिंत सरकवली."

म्हणजे मातीने जे सांगितलं तेच आजीने सांगितलं. पुरातत्त्व शास्त्राचा पहिला नियम हाच: खालचा थर आधीचा, वरचा थर नंतरचा. उत्खनन करणारे लोक जमिनीवर चौकोनांची जाळी आखतात आणि दोन चौकोनांच्या मधे मातीची एक पट्टी न खणता ठेवतात. आपल्याला वाटतं, ही कशाला सोडली? ती सोडतात कारण तिच्या उभ्या बाजूवर सगळे थर शेवटपर्यंत दिसत राहतात. एकदा खणलेली माती परत जागेवर ठेवता येत नाही. आपलं क्यूब टेस्टिंग आठवा. क्यूब फुटला की त्याची टेस्ट पुन्हा घेता येत नाही, म्हणून रीडिंग आधी नीट घ्यायचं.

पण नियमाला फाटेही असतात. आमच्या एका खड्ड्यात चार फुटांवर प्लॅस्टिकचा लाल कंगवा निघाला! खोलीवरून वय काढलं असतं तर कंगवा आजीच्या चुलीपेक्षा जुना ठरला असता. नीट पाहिल्यावर कळलं की तिथे पूर्वी कधीतरी खड्डा खणून बुजवला होता. त्याची कड वरच्या थरापासून सुरू होत होती. म्हणून वस्तू किती खोल सापडली एवढं पुरत नाही, ती कोणत्या थरातून खाली आली हे पाहावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण यात राणी कुठे आली? सांगते.

नगरधन : सहा ग्रॅमचा पुरावा

कॉन्व्हेंटमध्ये असताना मला रोमचा नीरो माहीत होता, ऑगस्टस माहीत होता. पण आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात पाचव्या शतकात एक राणी राज्य चालवत होती, हे माहीत नव्हतं. तिचं नाव प्रभावतीगुप्ता. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी. नवरा लवकर वारला, मुलं लहान होती, तेव्हा तिने युवराज दिवाकरसेनाच्या वतीने कारभार हाती घेतला. राजधानी होती नंदिवर्धन. म्हणजेच आजचं नगरधन, नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकच्या दक्षिणेला साधारण ६ किलोमीटरवर.

नगरधनला गेलात तर आधी किल्ला दिसतो. पण तो राणीचा नव्हे. तो गोंड राजांच्या काळातला, आणि पुढे नागपूरच्या भोसल्यांनी दुरुस्त करून वापरलेला. वाकाटकांचं नगर शोधायचं तर आजच्या गावाच्या आणि आजूबाजूच्या शेतांच्या खाली पाहावं लागतं, कारण आजचं गाव जुन्या वस्तीच्या डोक्यावरच बसलेलं आहे. आपल्याकडे वस्तीच्या जमिनीला 'पांढरी' आणि शेताच्या जमिनीला 'काळी' म्हणतात. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती मिसळून माती पांढरट होते. गावच्या म्हाताऱ्यांना हे शास्त्र पुस्तकाशिवाय माहीत असतं!

पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्र शासनाचं पुरातत्त्व खातं यांनी २०१५ ते २०१८ या काळात इथे उत्खनन केलं. खापरं, भाजलेल्या मातीच्या वस्तू, काचेची कर्णभूषणं, गणपतीची एक साधी, दागिने नसलेली मूर्ती असं बरंच काही मिळालं. गाय-बैल, शेळी-मेंढी, डुक्कर, मांजर, घोडा, कोंबडी यांची हाडं मिळाली. आणि खापराच्या गोल घासलेल्या ठिकऱ्याही मिळाल्या, ज्या घेऊन आपण लहानपणी लंगडी घालत खेळलो! राजधानी असली तरी पोरं ठिकरी खेळायचीच.

पण सगळ्यात महत्त्वाची वस्तू होती मातीची एक लहानशी मुद्रा. आकार लंबगोल, लांबी ३५.७१ मिलिमीटर, रुंदी २४.२० मिलिमीटर, जाडी ९.५० मिलिमीटर आणि वजन ६.४० ग्रॅम. म्हणजे वजनाला पाच रुपयांच्या नाण्याच्या आसपास. तिच्यावर शंखाचं चिन्ह आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचं नाव. शंख का? तर ती विष्णूची भक्त होती. आणि ही मुद्रा सापडली एका भल्यामोठ्या भिंतीच्या माथ्यावर. डॉ. श्रीकांत गणवीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे सर्व जाहीर केलं. त्यांचं म्हणणं असं की ही भिंत राजधानीतल्या राजवाड्यासारख्या इमारतीचा भाग असावी.

वाचून मला आधी काय वाटलं? "वा! नाव सापडलं, भिंत सापडली, म्हणजे राणीचा वाडा सापडला!" पण मग आमच्या करडीच्या खड्ड्यांतून निघालेल्या दोन वस्तू आठवल्या आणि मी जरा थांबले.

मीटरचं सील आणि मामाचा गुंड

पहिली वस्तू होती शिशाचं छोटं सील, जुन्या विजेच्या मीटरचं. त्यावर वीज मंडळाची अक्षरं. हजार वर्षांनी कोणी खणलं आणि त्याला हे मिळालं, तर तो म्हणेल का की इथे वीज मंडळाचं मुख्यालय होतं?

दुसरी वस्तू खड्ड्यातली नाही, माळ्यावरची. पितळेचा गुंड. त्याच्यावर ठोकून नाव घातलं होतं आजीच्या मामाचं. मामा करडीला कधी राहिले नाहीत. लग्नात भाचीला गुंड दिला आणि त्यावर रिवाजाप्रमाणे देणाऱ्याचं नाव घातलं. तो गुंड पाहून कोणी म्हणालं, "हे घर मामांचं", तर?

मातीच्या मुद्रेचंही असंच आहे. जुन्या काळी पत्र किंवा सामानाची गाठोडी दोरीने बांधायचे, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचे आणि त्यावर शिक्का उठवायचे. आपल्या रजिस्टर पार्सलवर लाख असायची ना, तसंच. आता विचार करा, ही मुद्रा कुठे सापडणार? जिथून माल निघाला तिथे की जिथे तो उघडला तिथे? बहुतेक वेळा जिथे उघडला तिथे! कारण उघडताना गोळा तुटून पडतो आणि तिथेच राहतो. म्हणजे एकट्या मुद्रेवरून एवढंच म्हणता येईल की राणीच्या नावाने बंद केलेलं काहीतरी इथे होतं.

रोममधला शिशाचा नळ

अशीच फसगत थेट रोममध्येही होऊ शकते, बरं का. रोमच्या पॅलटाइन टेकडीवर सम्राटांची घरं होती. 'पॅलेस' हा शब्दच त्या टेकडीच्या नावावरून आला आहे. १८६९ मध्ये पिएत्रो रोझा या संशोधकाने तिथे एक सुंदर रंगवलेलं घर उकरून काढलं. घर कोणाचं, हे सांगणारा लेख भिंतीवर नव्हता. पण पाण्याचा एक शिशाचा नळ मिळाला. रोमन लोक शिशाचा पत्रा ओतायचे, तो वाकवून नळ करायचे, आणि पाणी ज्याच्या नावे असेल त्याचं नाव पत्रा ओततानाच त्यात उठवायचे. या नळावर 'युलिया ऑगस्टा' हे नाव थोडक्यात घातलेलं होतं. ऑगस्टस सम्राट इ.स. १४ मध्ये वारला, त्यानंतर त्याची पत्नी लिव्हिया हिला हेच नाव मिळालं. झालं! घराला नाव पडलं 'लिव्हियाचं घर'. आजही पाटी तीच आहे.

पण पुढे अभ्यासकांनी शंका काढली. युलिया नावाची आणखी एक राजस्त्री होती, टायटस सम्राटाची मुलगी, लिव्हियानंतर दोन-तीन पिढ्यांनी. शिवाय तिथल्याच दुसऱ्या नळावर डोमिशियन सम्राटाचं नाव आहे, आणि डोमिशियन हा या युलियाचा काका. मग नळ कोणत्या युलियाचा? आणि घर बांधल्यानंतर शंभर वर्षांनी कोणी प्लंबिंग बदललं असेल तर? नळावरून घराचं वय ठरवणं म्हणजे माझ्या लाल कंगव्यावरून आजीच्या चुलीचं वय ठरवणं!

मला या गोष्टीतून एक दिलासा मिळाला. एवढे मोठे विद्वान, रोमसारखं शहर, तरी अडकले कुठे? तर आपल्या करडीच्या मामाच्या गुंडात.

मग खात्री करायची कशी?

एका पुराव्यावर इमारत उभी राहत नाही. तीन पायांची तिवई टेकते, एका पायाची पडते. नगरधनच्या बाबतीत पाय कोणते ते पाहू.

पहिला पाय म्हणजे भिंत. मुद्रा भिंतीच्या माथ्यावर होती. मधे कोणी खणून उलथापालथ केलेली नसेल, तर मुद्रा तिथे पडली तेव्हा भिंत उभी होती किंवा नुकती पडली होती. म्हणजे भिंत मुद्रेच्या नंतर बांधलेली नाही. एवढी मोठी भिंत साध्या घराला लागत नाही, हे सांगायला सिव्हिलच्या विद्यार्थ्याची गरज नाही. भिंतीच्या जाडीवरून वर काय पेललं असेल याचा अंदाज आपण रोजच करतो.

दुसरा पाय म्हणजे आजूबाजूच्या वस्तू. खापरं, काचेच्या वस्तू, हाडं हे सगळं कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळालं, यावरून तिथे वस्ती कशी होती ते कळतं. म्हणून तर एकेक ठिकरीची नोंद करतात.

तिसरा पाय म्हणजे लेखी पुरावा. प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबट कुटुंबाकडे मिळाला. तो तेराव्या राज्यवर्षातला आहे आणि तो नंदिवर्धनहून दिला असं त्यातच लिहिलं आहे. म्हणजे राणीचा कारभार या नगरातून चालायचा, हे तिच्याच शब्दांत आहे. ताम्रपट, भिंत आणि मुद्रा एकत्र ठेवल्या की मग मात्र "इथे काहीतरी कुठूनतरी आलं होतं" एवढ्यावर थांबायची गरज उरत नाही.

या ताम्रपटाची आणखी एक गंमत आहे, मला ती फार आवडली. वंशावळ देताना राणी सासरचं नाही, माहेरचं घराणं आधी सांगते. गुप्त राजांची नावं सुरुवातीला, आणि गोत्रसुद्धा वडिलांचं! पण त्याच ताम्रपटाला जोडलेल्या शिक्क्यावर मात्र तिचं नाव नाही. तिथे फक्त युवराजाच्या आईची आज्ञा असा अर्थ आहे. राज्य चालवणारी बाई, पण शिक्क्यावर कोणाची तरी आई. आणि नगरधनच्या त्या साडेतीन सेंटिमीटरच्या मातीवर तिचं स्वतःचं नाव. आता कळलं ना, तेवढ्याशा गोळ्यासाठी लोक चार-चार वर्षं ऊन का खातात?

'आहे' आणि 'असावा'

याच राणीचा मुलगा दुसरा प्रवरसेन. त्याने पुढे राजधानी नंदिवर्धनहून प्रवरपूरला नेली. हे प्रवरपूर कुठे? महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते वर्धा जिल्ह्यातलं पवनार ठरवलं होतं. नावातलं साम्य आणि ताम्रपटांचा अभ्यास यांवरून ते मत अनेक वर्षं मान्य होतं. मग १९९८ पासून जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन केलं. तिथे विटांची प्रचंड बांधकामं निघाली, राजवाड्याचं वाटावं असं संकुल निघालं, आणि हिडिंबा टेकडीवर मोठं शिवमंदिर निघालं. विटांचे चौकोनी कप्पे करून त्यात भराव घालायचा आणि त्यावर बांधकाम चढवायचं, अशी तिथली पद्धत. आज आपण 'सेल्युलर फाउंडेशन' म्हणून शिकतो, त्याचाच हा भाऊ! या शोधानंतर हान्स बाकर यांच्यासारखे अभ्यासक प्रवरपूर म्हणजे मनसर असं मानू लागले.

हेच जोशी १९६९-७० मध्ये आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला शां. भा. देव यांच्याबरोबर स्तूप खणत होते, हेही जाता जाता सांगून ठेवते. आपला जिल्हा काही मागे नाही!

यात मिराशींचं काही कमी होत नाही. त्यांच्या हाती जे होतं त्यावरून त्यांनी नीट विचार करून मत मांडलं. नवीन माती उघडली, मत बदललं. म्हणूनच चांगले संशोधक 'आहे' म्हणण्याची घाई करत नाहीत, 'असावा' म्हणतात. आधी मला वाटायचं की 'असावा' हा पळपुटा शब्द आहे. व्हायवाला आपण "सर, बहुतेक असावं" म्हणतो तसा. पण नाही. आपण डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो, कारण सिमेंट, वाळू, कामगार, लोड यांपैकी कशाचीच शंभर टक्के खात्री नसते. ती खात्री नाही हे मान्य करून जो हिशोब करतो त्याचाच पूल उभा राहतो. 'असावा' हा पुरातत्त्व शास्त्राचा फॅक्टर ऑफ सेफ्टी आहे.

पुन्हा करडी

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या घराचा विचार करत बसले. आजी त्या घरात साठ वर्षं राहिली. समजा कोणी पुढे ती जागा खणली, तर तिथे आजी राहत होती याचा पुरावा काय मिळेल? गुंडावर नाव मामाचं. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं. मीटर आजोबांच्या नावाचं. शाळेत ती गेली नाही, म्हणून वहीपुस्तक नाही. साठ वर्षं जी जमीन तिने स्वतःच्या हाताने सारवली, त्या जमिनीच्या पापुद्र्यांत तिचं सगळं आयुष्य आहे, पण त्यावर नाव नाही. आणि स्लॅबच्या फुटिंगसाठी आम्ही तेही उचलून रस्त्याच्या कडेला टाकलं होतं.

खड्डे बुजायला दोन दिवस होते. मी ग्राफ पेपर आणला, टेप धरली आणि पाया दिसत होता तेवढ्यावरून जुन्या घराचा प्लॅन काढला. स्केल १ : ५०. जिथे भिंत दिसत नव्हती तिथे आजीला उभं केलं. ती काठी टेकत टेकत सांगायची: "इथं ओसरी. इथं धानाची ढोली. इथं कोठा. अन् इथं, ह्या कोपऱ्यात, तुहा बाप जनमला." जे मोजून मिळालं ते मी सलग रेघेने काढलं, जे आजीने सांगितलं ते तुटक रेघेने. 'आहे' आणि 'असावा' वेगळे ठेवले.

शेवटी टायटल ब्लॉक भरायचा होता. घरमालकाच्या जागी बाबा म्हणाले, आजोबांचं नाव टाक, रेकॉर्डला तेच आहे. मी ते टाकलं. पण त्याच्या वर, प्लॅनच्या नावाच्या जागी, मोठ्या अक्षरात आजीचं नाव घातलं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. आजीला वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय लिवलं व?" मी वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. कागदावर त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि मग म्हणाली, "चूल अजून थोडी इकडं होती. नीट काढ."

मी खोडून नीट काढली.

मित्रांनो, आपण सिव्हिलवाले. आयुष्यभर खड्डे खणणार. जुनी घरं पाडणार, रस्ते, कालवे काढणार. जेसीबीचा पंजा एका तासात जेवढं उचलतो, तेवढं ब्रशने वाचायला एक वर्ष लागतं. प्रत्येक खड्ड्यात राणी नसते, हे खरं. पण कोणाची तरी चूल नक्की असते. तेव्हा पुढच्या साइटवर खड्ड्याच्या बाजूकडे पाच मिनिटं बघा. काळा पट्टा दिसला तर टेप लावा, फोटो काढा, आणि गावातल्या एखाद्या आजीला विचारा. जुन्या विटा, खापरं, मूर्ती असं काही निघालं तर काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवा.

आणि हो, रामटेकला जाल तेव्हा गड उतरून तसेच परत फिरू नका. नगरधनच्या शेतांकडेही एकदा जाऊन या. तिथे एक राणी राहत असावी.